विद्यापीठाची वाहिनी आणि तिचा एक दिवस

दिवसाचे तास चोवीस, आणि ते राजास व रंकास सारखेच मिळतात, असें आपण म्हणतों. परंतु ज्यास शिकावयाचें आहे त्याला त्या चोवीसांपैकीं कोणता तास मोकळा सांपडतो, हा प्रश्न सर्वांचा सारखा नसतो. शाळा व महाविद्यालयें आपल्या सोयीची वेळ ठरवितात. शिकणारानें त्या वेळीं तेथें हजर व्हावें लागतें. ज्यास जातां येत नाहीं, त्याचें शिक्षण तेथेंच थांबतें. या अडचणीवर विद्यापीठांनीं जे उपाय शोधून काढले, त्यांपैकीं एक म्हणजे विद्यापीठानें स्वतः चालविलेली दूरचित्रवाणीची वाहिनी. अशा वाहिनीचा एक दिवस कसा असतो, तो तसा कां आखलेला असतो, आणि आपल्या घरांतील माणसांस त्याचा उपयोग कसा करून घेतां येईल, हें आजच्या भाषणांत सांगण्याचा विचार आहे.

व्यापारी वाहिनी आणि विद्यापीठाची वाहिनी यांतील भेद प्रथम ध्यानांत घ्यावा. व्यापारी वाहिनीचा खरा ग्राहक प्रेक्षक नसून जाहिरातदार असतो. ज्या तासाला अधिकांत अधिक माणसें संचासमोर बसतात, तो तास तिला मोलाचा. म्हणून सायंकाळीं व रात्रीं तिचें सारें बळ एकवटलेलें असतें, आणि पहाटेचे व भर दुपारचे तास ती जुन्या मालावर भागविते. विद्यापीठाच्या वाहिनीस हा हिशेब लागू नाहीं. तिचा प्रेक्षक थोडा असतो, पण तो ठराविक हेतूनें आलेला असतो. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा हिशेबशास्त्राचा पाठ पाहणारा मनुष्य हजारांत एखादाच असावयाचा. त्या एकाला पाठ मिळाला, समजला आणि परीक्षेस उपयोगीं पडला, म्हणजे वाहिनीचें काम झालें.

या प्रकारच्या वाहिनीचा आरंभ अमेरिकेंत झाला. तेथील सरकारच्या दळणवळण मंडळानें १९५२ सालीं देशभरांतील २४२ वाहिन्या केवळ शिक्षणासाठीं राखून ठेवल्या. मंडळाच्या सदस्या फ्रीडा हेनॉक या कायदेपंडित बाईंनीं हा पक्ष मोठ्या नेटानें मांडला होता. टेक्सस राज्यांतील ह्यूस्टन विद्यापीठानें या सवलतीचा लाभ प्रथम घेतला, आणि २५ मे १९५३ रोजीं आठव्या क्रमांकाच्या वाहिनीवर त्याचें केंद्र सुरू झालें. ‘के-यू-एच-टी’ हें त्याचें नांव. तेथील प्राध्यापक रिचर्ड एव्हान्स यांनीं मानसशास्त्राचे पाठ या वाहिनीवरून दिले, आणि ते पाठ पदवीच्या अभ्यासक्रमांत रीतसर धरले गेले. आरंभींच्या काळांत असे पाठ आठवड्यास १३ ते १५ तास दाखविले जात, व एकंदर कार्यक्रमाचा ३८ टक्के भाग त्यांनीं व्यापलेला असे. त्यांतील बहुतेक पाठ रात्रीं ठेवलेले होते. ह्यूस्टनचे पुष्कळसे विद्यार्थी दिवसा कोठें तरी नोकरी करणारे होते, म्हणून ही योजना. ‘विद्यार्थी केव्हां रिकामा असतो?’ हा प्रश्न आधीं, आणि ‘आम्हांस केव्हां सोयीचें?’ हा नंतर. विद्यापीठाच्या वाहिनीचें वेळापत्रक या क्रमानें तयार झालें पाहिजे, हा धडा तेथें पहिल्या वर्षींच मिळाला.

आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला, आणि १९६१ पासून तेथील शाळांसाठीं पाठ दाखविण्यास प्रारंभ झाला. पुढें १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षांत अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारें २४०० खेड्यांत कार्यक्रम पोंचविण्यांत आले. रोज सुमारें चार तास कार्यक्रम असे. सकाळचा भाग शाळेंतील मुलांसाठीं आणि सायंकाळचा भाग शेतांतून परतलेल्या प्रौढांसाठीं. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. नंतर विद्यापीठ अनुदान मंडळानें १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर ‘देशव्यापी वर्ग’ चालविण्यास सुरुवात केली. त्यासाठीं कांहीं विद्यापीठांत माध्यम केंद्रें स्थापन झालीं, आणि पुणें विद्यापीठाचें केंद्र त्यांतील आरंभींच्या केंद्रांपैकीं एक होय. शाळेच्या मुलांसाठीं पुण्यासच १९८४ सालीं ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली, व ती २०१७ सालीं बंद झाली. तिचे मराठी पाठ पाहिलेले अनेक जण आज स्वतः आईबाप झाले आहेत.

परंतु दुसऱ्याच्या वाहिनीवर घटकाभर जागा मिळणें निराळें, आणि स्वतःची वाहिनी असणें निराळें. भाडेकऱ्यास घरमालकाच्या सोयीनें वागावें लागतें. क्रिकेटचा सामना लांबला कीं पाठ रद्द, हा अनुभव त्या काळीं सर्वांनींच घेतला. १९८५ सालीं स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाकडे २६ जानेवारी २००० रोजीं सुरू झालेल्या ‘ज्ञानदर्शन’ या अहोरात्र चालणाऱ्या वाहिनीचें काम आलें, तेव्हां ही अडचण दूर झाली. दिल्लींतील मैदान गढी येथील विद्यापीठाच्या आवारांतून तिचें प्रक्षेपण होऊं लागलें. विद्यापीठाच्या स्वतःच्या पाठांबरोबरच अनुदान मंडळाचीं माध्यम केंद्रें, शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय संस्था व तंत्रशिक्षणाच्या संस्था यांचेही पाठ तीवर येत. पुढें जुलै २०१७ मध्यें ‘स्वयंप्रभा’ या नांवानें एकदम ३२ शैक्षणिक वाहिन्या सुरू झाल्या, आणि निरनिराळ्या विषयांच्या वाहिन्या निरनिराळ्या विद्यासंस्थांकडे सोंपविण्यांत आल्या. २०२० सालीं महामारीनें शाळांना कुलुपें लागलीं, तेव्हां ‘एक इयत्ता, एक वाहिनी’ हें धोरण पुढें आलें.

आतां दिवसाच्या रचनेकडे वळूं. चोवीस तासांची वाहिनी म्हटली कीं चोवीस तासांचें नवें साहित्य लागतें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. कोणत्याही विद्यापीठाला तें झेपणारें नाहीं, आणि त्याची गरजही नाहीं. ‘स्वयंप्रभा’ सुरू करतांना जो नियम ठरविला, तो अगदीं साधा आहे. रोज निदान चार तासांचें नवें साहित्य द्यावयाचें, आणि तेंच त्या दिवशीं आणखी पांच वेळां दाखवावयाचें. चार तास सहा वेळां, म्हणजे चोवीस तास.

या नियमाचा अर्थ घड्याळावर मांडून पाहावा. समजा, नवें साहित्य सकाळीं सहा वाजतां सुरू झालें. दहा वाजतां पहिलें आवर्तन संपलें, लगेच दुसरें सुरू झालें, तें दुपारीं दोनपर्यंत, तिसरें सहापर्यंत, चौथें रात्रीं दहापर्यंत, पांचवें मध्यरात्रीनंतर दोनपर्यंत, आणि सहावें पुन्हां पहाटे सहापर्यंत. आतां एखादा पाठ सकाळीं साडेसातास लागला असेल, तर तो साडेअकरास, दुपारीं साडेतीनास, सायंकाळीं साडेसातास, रात्रीं साडेअकरास आणि पहाटे साडेतीनास पुन्हां लागणार. भिंतीवरच्या घड्याळांत बाराच आंकडे असल्यामुळें या सहा वेळा प्रत्यक्षांत तीनच जागांवर येतात: साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा. दिवस असो वा रात्र असो, कांटा या तीन जागीं आला कीं तोच पाठ. हें एकदां समजलें म्हणजे वेळापत्रकाचा कागद शोधीत बसण्याचें कारण उरत नाहीं. पाठाची एक वेळ माहीत असली कीं बाकीच्या पांच आपल्या आपण कळतात.

या सहा वेळांचे सहा प्रकारचे विद्यार्थी आहेत. सकाळचा साडेसाताचा पाठ महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलास उपयोगाचा. त्याच दिवशींचा विषय आधीं पाहून तो वर्गांत बसतो. साडेअकराचा पाठ घरांतील गृहिणीस. मंडळी कामावर गेलेलीं असतात, आणि लग्नामुळें अर्धवट राहिलेली पदवी तिला पुरी करावयाची असते. साडेतीनाची वेळ शाळेंतील शिक्षिकेस व सकाळपाळीच्या कामगारास. सायंकाळीं साडेसातास कचेरींतून परतलेला कारकून. रात्रीं साडेअकरास दुकान बंद करून घरीं आलेला मनुष्य, किंवा ज्या घरीं इतर सर्व निजल्यावरच संच मोकळा होतो तेथील परीक्षार्थी. आणि पहाटेचा साडेतीनाचा पाठ पाहणारेंही कोणी असतें: रुग्णालयांतील रात्रपाळीची परिचारिका, पहारेकरी, किंवा पहाटे उठून अभ्यास करण्याचा जुना शिरस्ता पाळणारा मुलगा. व्यापारी वाहिनीच्या हिशेबांत ज्या तासाची किंमत शून्य, तोच तास येथें एखाद्या माणसाच्या शिक्षणाचा एकुलता एक तास ठरतो.

एक पाठ तयार होण्यास काय लागतें, हेंही थोडें पाहूं. पाठ साधारणतः अर्ध्या तासाचा असतो. मिनिटास शंभर शब्द धरले, तरी अध्यापकास तीन हजार शब्द बोलावे लागतात, आणि त्यांतील एकही शब्द वर्गांतल्याप्रमाणें सहज निघून चालत नाहीं. वर्गांत आम्ही शिक्षक मुलांच्या चेहऱ्यांकडे पाहून शिकवितों. शेवटच्या बांकावरील मुलाच्या कपाळास आठी पडली कीं उदाहरण बदलतों, पुन्हां सांगतों, फळ्यावर आकृती काढतों. चित्रणगृहांत समोर चेहरा नसतो. कांचेचा एक डोळा असतो, आणि त्यास आठी पडत नाहीं. म्हणून विद्यार्थी कोठें अडखळेल याचा अंदाज अध्यापकानें आधींच बांधावा लागतो. विषयाचा जाणकार प्रथम संहिता लिहितो, निर्माता ती चित्रांच्या भाषेंत बसवितो, आकृत्या व नकाशे वेगळे तयार होतात, नंतर चित्रण व संकलन होतें. जें फळ्यावर दाखवितां येत नाहीं तें दाखविणें हें या माध्यमाचें खरें सामर्थ्य आहे. हृदयाच्या झडपा उघडतात व मिटतात कशा, ज्वालामुखीचा रस वाहतो कसा, हें मीं खडूनें पुष्कळ वर्षें काढलें. पडद्यावर तें अर्ध्या मिनिटांत अधिक चांगलें कळतें. उलट, जेथें केवळ एक गृहस्थ मेजामागें बसून टिपणें वाचीत आहेत, तेथें दूरचित्रवाणीचा खर्च व्यर्थ होय. असे पाठही या वाहिन्यांवर थोडे नाहींत, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

तयार झालेला पाठ आपल्या घरीं येतो तो बराच प्रवास करून. ‘स्वयंप्रभा’चे पाठ गुजरातेंतील गांधीनगर येथील केंद्रांतून उपग्रहाकडे पाठविले जातात. हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पृथ्वीच्या फिरण्याच्या गतीशीं त्याची गती जुळलेली असल्यामुळें तो आपणांस आकाशांत एकाच जागीं स्थिर भासतो, आणि म्हणूनच गच्चीवरची तबकडी एकदां नीट बसविली कीं ती पुन्हां फिरवावी लागत नाहीं. वर जाणें व खालीं येणें मिळून ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानें हें अंतर तोडण्यास सुमारें पाव सेकंद लागतो. दूरदर्शनच्या मोफत सेवेची तबकडी व पेटी एकदां विकत घेतली कीं महिन्याचें भाडें द्यावें लागत नाहीं. चेरापुंजी असो कीं चंद्रपूर असो, पाठ एकाच क्षणीं व एकाच रूपांत पोंचतो.

विद्यार्थ्याची शंका मात्र या मार्गानें परत येत नाहीं. त्यावर मुक्त विद्यापीठानें तोडगा काढला तो असा, कीं कांहीं कार्यक्रम जिवंत प्रक्षेपित करावयाचे व त्या वेळीं विद्यार्थ्यांनीं दूरध्वनीवरून प्रश्न विचारावयाचे. चित्र एकाच दिशेनें जातें, आवाज मात्र दोन्ही दिशांनीं. अध्यापकास विद्यार्थी दिसत नाहीं, पण ऐकूं येतो. शिक्षकाच्या धंद्यांत आयुष्य घालविलेल्या माणसास विचाराल, तर तो सांगेल कीं हा ऐकूं येणारा आवाज म्हणजेच अर्धा वर्ग होय.

यापुढची अडचण यंत्राची नसून घराची आहे. मी ज्या शाळेंत होतों, तेथें एके काळीं दूरचित्रवाणीचा संच आला. मुलांसाठीं असलेला कार्यक्रम अकरापूर्वीं होऊन जाई, आणि शाळा भरे अकरा वाजतां. संच कपाटांत राहिला, किल्ली कचेरींत राहिली, आणि वर्षअखेरीस नोंदवहींत ‘सुस्थितींत’ असा शेरा पडला. तो संच खरोखरच सुस्थितींत होता, वापरलाच नव्हता. वेळापत्रक करणाऱ्यानें शाळेची वेळ विचारली नाहीं, आणि शाळेनें आपली वेळ अर्ध्या तासानें सरकविली नाहीं. दोष कोणा एकाचा नव्हता. मुलांचें मात्र तेवढें हुकलें.

सहा वेळां पाठ दाखविण्याच्या नियमानें विद्यापीठाकडील अर्धी अडचण दूर केली आहे. उरलेली अर्धी आपल्या घरांत आहे. सायंकाळीं साडेसातास घरांतील संच कोणाच्या हातीं असतो, हें सांगण्याची गरज नाहीं. ज्या घरीं सून बी. ए. चा अभ्यास करीत आहे, तेथें साडेअकराचा तास तिला निर्वेध मिळतो काय? कीं त्या तासालाच दळण, पाहुणे आणि कुकर यांचा मुहूर्त असतो? विद्यापीठ तिच्यासाठीं दिवसांतून सहा वेळां दार उघडतें. घरानें एकदां उघडलें तरी पुरे आहे. सासूबाईंनीं, किंवा माझ्यासारख्या सेवानिवृत्त म्हाताऱ्यानें, तेवढा अर्धा तास दारावरच्या घंटीस उत्तर दिलें, तर त्यास विद्यादान म्हणण्यास हरकत नसावी.

भाषेचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. उच्च शिक्षणाचे बहुतेक पाठ इंग्रजींत वा हिंदींत असतात. मराठी माध्यमांतून शिकलेल्या मुलास विषय कठीण नसतो, भाषा आडवी येते. नाशिक येथें १९८९ सालीं स्थापन झालेलें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मराठींतून शिकवितें, आणि त्याची पुस्तकें व हे पाठ जोडीनें वापरणें हा आज उपलब्ध असलेला चांगला मार्ग आहे. पण पदवीच्या पातळीवरील चांगले मराठी पाठ अधिक संख्येनें तयार झाले पाहिजेत, ही मागणी आपण मराठी प्रेक्षकांनींच करावयास हवी. प्रेक्षक मागत नाहीं तें कोणी देत नाहीं.

कोणी विचारील, आतां प्रत्येकाच्या हातीं भ्रमणध्वनी आहे, हवा तो पाठ हव्या त्या क्षणीं मिळतो. मग ठराविक वेळेची वाहिनी हवी कशाला? आक्षेप खरा आहे, आणि हे पाठ संगणकजालावरही ठेवलेले असतात. तथापि तीन गोष्टी विसरूं नयेत. पहिली, भ्रमणध्वनीवर प्रत्येक तासास पैसे पडतात व जोराची जोडणी लागते. उपग्रहाच्या वाहिनीस एक पाहणारा असो वा एक कोटी असोत, खर्च तेवढाच. दुसरी, भ्रमणध्वनी एकट्याचा असतो. संचासमोर भावंडें व शेजारचीं मुलें एकत्र बसूं शकतात. तिसरी गोष्ट शिक्षकाच्या अनुभवाची: ‘केव्हांही पाहतां येईल’ असें जें असतें, तें बहुधा केव्हांच पाहिलें जात नाहीं. ठरलेली वेळ हा बंध खरा, पण शिकणारास तो आधारही असतो.

अशी वाहिनी आपल्या पायांवर उभी राहूं शकत नाहीं, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. तिला जाहिरात नाहीं. तिला समाजाच्या तिजोरींतून पैसा मिळाला तरच ती चालते. अमेरिकेंत १९६७ च्या कायद्यानें सार्वजनिक वाहिन्यांस सरकारी द्रव्याची वाट मोकळी झाली होती. जुलै २०२५ मध्यें तेथील कायदेमंडळानें पुढील दोन वर्षांचे सुमारें ११० कोटी डॉलर परत घेतले, आणि तो पैसा वांटणाऱ्या महामंडळानें पुढच्याच महिन्यांत काम आंवरतें घेण्याचें जाहीर केलें. ह्यूस्टनची ती पहिली वाहिनीही अशाच वाहिन्यांपैकीं एक आहे. आपल्याकडील बालचित्रवाणीचा शेवट वर सांगितलाच आहे. ज्याचा उपयोग होतांना दिसत नाहीं, तें बंद करणें कोणत्याही सरकारास सोपें जातें.

म्हणून शेवटीं कांहीं व्यवहाराच्या सूचना करून हें भाषण संपवितों. घरांतील विद्यार्थ्याच्या विषयाची वाहिनी कोणती, तें एकदां शोधून तिचा क्रमांक लिहून ठेवावा. पाठाची एक वेळ कळली कीं चार-चार तासांच्या अंतरानें बाकीच्या वेळा मांडाव्या, आणि त्यांतील एकच वेळ घरांतील सर्वांच्या संमतीनें ठरवावी. पाठापूर्वीं दहा मिनिटें पुस्तक चाळावें, पाठ चालूं असतां वही हातीं धरावी, आणि संपल्यावर दहा मिनिटें संच बंद ठेवून काय समजलें व काय समजलें नाहीं तें लिहावें. न समजलेला भाग पुढच्या आवर्तनांत पुन्हां पाहावा. पडद्यावरचा शिक्षक पुन्हां सांगण्यास कधीं कंटाळत नाहीं. जिवंत कार्यक्रम असेल तर दूरध्वनी जरूर करावा, कारण आलेल्या प्रश्नांवरूनच विद्यापीठास कळतें कीं पलीकडे कोणी बसलेलें आहे. महिनाभर हा क्रम चालवून पाहावा, आणि मग हा अर्धा तास ठेवावा कीं सोडावा, याचा निर्णय शिकणारासच करूं द्यावा.